प्रदक्षिणांचा हिशेब

आमच्या घरीं हिशेबाच्या वह्यांची वाण नाहीं. दुधाची वही आहे, वाण्याची आहे, वर्तमानपत्राची आहे. मळ्यांतील मोसंबी कोणत्या व्यापाऱ्यास कोणत्या दरानें दिली ह्याचीहि टिपणें आहेत. पस्तीस वर्षें शाळेंत हजेरीपट भरण्यांत गेल्यामुळें, जो आला नाहीं त्याच्या नांवापुढें खूण करण्याची खोड आमच्या बोटांस जडली आहे, ती वेगळीच. इतकें असूनहि सन २०२४ च्या हिवाळ्यापर्यंत एक हिशेब ह्या घरांत कोणींच ठेविला नव्हता. घरांतील सर्वांत वृद्ध माणूस किती पावलें चालल्यावर थांबतें, हा तो हिशेब. तो न ठेविल्यामुळें आमच्यावर कोणता प्रसंग आला, तें आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. ज्या घरांत आजोबा-आजी आहेत, त्या प्रत्येक घराशीं ह्या गोष्टीचा संबंध आहे.

आमच्या मातोश्रींचें वय आज ८७ आहे. बदनापुरास आमचें घर जुन्या वस्तींत असून मागील अंगणांत तुळशीवृंदावन आहे. लग्न होऊन ह्या घरांत आल्यापासून रोज सकाळीं स्नान झाल्यावर तुळशीस एकवीस प्रदक्षिणा घालण्याचा त्यांचा नेम. कांहीं वर्षांपूर्वीं चढावर चालतांना त्यांच्या छातींत दडपल्यासारखें होऊं लागलें. छत्रपती संभाजीनगर (तेव्हांचें औरंगाबाद) येथील डॉक्टरांनीं तपासून ‘अँजायना’ असें निदान केलें. रक्ताची गुठळी होऊं नये म्हणून ॲस्पिरिनची लहान गोळी, नाडी सावकाश चालावी म्हणून एक, कोलेस्टेरॉलसाठीं एक, आणि कळ आलीच तर जिभेखालीं ठेवावयाची सॉर्बिट्रेटची गोळी, अशीं औषधें ठरलीं. त्यांनीं चांगला गुण आला. महिन्यांतून एखादे वेळीं कळ येई व दोन मिनिटें बसल्यावर जाई. हळूहळू घराला त्या दुखण्याची संवय झाली. आणि संवय झालेल्या दुखण्याकडे कोणी पाहत नाहीं.

पाहिलें तें सूनबाईनें. कार्तिकांत एके दिवशीं ती आम्हांस म्हणाली, “मामंजी, आजींच्या प्रदक्षिणा कमी झाल्या आहेत. दसऱ्यापर्यंत एकवीस होत होत्या. आतां अकरावीलाच वृंदावनाला हात टेकून उभ्या राहतात.” आम्हीं हंसून उत्तर दिलें, “अग, वय झालें.” तरी मातोश्रींस विचारलें. त्या म्हणाल्या, “थांबत नाहीं रे. तुळशीपाशीं उभी राहून स्तोत्र म्हणतें.”

आम्हीं ह्या उत्तरावर विश्वास ठेविला. ज्या बाईनें साठ वर्षें चालतां चालतां स्तोत्र म्हटलें, तिला आतांच तें उभें राहून कां म्हणावें लागतें, एवढा साधा प्रश्न मुलांना व्याकरणाचे बारकावे शिकविणाऱ्या आमच्या डोक्यांत आला नाहीं. पुढें पौषांत प्रदक्षिणा पांचांवर आल्या. जेवण झाल्यावर त्या छातीशीं हात नेऊं लागल्या. “वात धरला असेल,” असें म्हणून आम्हीं ओवा व सैंधव पुढें केलें; त्यांनींहि तें निमूटपणें चावलें. आज तो ओवा आठवला म्हणजे आमची मान खालीं जाते.

वडील माणसें दुखणें कां लपवितात, ह्याचा विचार आम्हीं पुष्कळ केला. मुलांस त्रास नको ही एक भावना. रुग्णालयांत नेतील व आपला नेमधर्म बुडेल ही दुसरी भीति. आणि तिसरें कारण असें, कीं कित्येकदां त्यांस स्वतःसच तें ‘दुखणें’ वाटत नाहीं. वृद्धांत, विशेषतः वृद्ध स्त्रियांत, अँजायना छातींतील कळेच्या रूपानें येईलच असें नाहीं. चार पावलांवर लागणारा दम, जबड्यांतील किंवा खांद्यांतील दुखणें, पोटाच्या वरच्या भागीं ओझें ठेवल्यासारखें वाटणें, विनाकारण गळून जाणें, अशा वेषांनीं तो घरांत वावरतो. माणूस मग श्रमच कमी करतें. एकवीसांच्या अकरा करतें, वरच्या माडीवर जाणें सोडतें, देवळांत जाण्याचें टाळतें. आणि घरचे लोक म्हणतात कीं, आतां आईला पूर्वींसारखें दुखत नाहीं.

हें दुखणें फार जुनें आहे. चरकानें हृदय, शिर व बस्ति हीं तीन मर्में सर्वांत श्रेष्ठ मानून त्यांवर स्वतंत्र विवेचन केलें आहे, आणि सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत हृद्रोगाचा निराळा अध्याय आहे. विलायतेंत विल्यम हेबर्डन ह्या वैद्यानें १७६८ सालीं लंडनच्या वैद्यसभेपुढें ह्या व्याधीचें वर्णन केलें. चालतांना, विशेषतः चढावर व जेवणानंतर, छाती आवळली जाते आणि उभें राहिलें कीं बरें वाटतें, ही त्यानें सांगितलेली खूण आजहि निदानाचा पाया आहे. त्यानें दिलेल्या नांवाचा अर्थच मुळीं छातीची आवळण असा आहे.

आपल्या महाराष्ट्रास ह्या दुखण्याची ओळख एका थोर घरांतून झाली. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांचा अंत १६ जानेवारी १९०१ रोजीं झाला. वयाचीं एकोणसाठ वर्षें पुरीं होण्यास तेव्हां दोन दिवस कमी होते. चरित्रकारांनीं कारण दिलें आहे तें ह्याच हृच्छूलाचें. त्याच्या आदल्या महिन्यांत लाहोरास भरलेल्या सामाजिक परिषदेस प्रकृतीमुळें त्यांस जातां आलें नाहीं. परंतु परिषदेसाठीं त्यांनीं आपलें भाषण मात्र तयार केलें होतें. त्या शेवटच्या आजाराची हकीकत रमाबाई रानडे ह्यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ ह्या पुस्तकांत लिहून ठेविली आहे. ज्यांनीं तें पुस्तक वाचलें असेल, त्यांस रोग्याइतकेंच रोग्याजवळ जागणाऱ्या माणसाचें दुःख त्यांत दिसलें असेल. त्या काळीं डॉक्टरांजवळ होतें तरी काय? ब्रंटन ह्यांनीं १८६७ सालीं पुढें आणलेलें हुंगावयाचें औषध आणि मरेल ह्यांनीं १८७९ सालीं सुचविलेलें नायट्रोग्लिसरीन, एवढेंच. हृदयाची विद्युत्‌-नोंद घेणारें यंत्रहि व्यवहारांत यावयाचें होतें. आज यंत्रें आहेत, औषधें आहेत, नळींतून नळी घालून रस्ता मोकळा करण्याची विद्याहि आहे. पण ‘कालच्यापेक्षां आज अधिक आहे’ हें सांगणारें माणूस तेव्हांप्रमाणें आजहि घरांतलेंच असावें लागतें. तें कोणत्याहि रुग्णालयांत मिळत नाहीं.

दुखणें वाढतें कसें, हें समजण्यास आमच्या भागांतील मोसंबीच्या बागेचा दाखला उपयोगी पडेल. ठिबकाच्या नळींत क्षार धरून तिचें तोंड अरुंद झालें, तरी थंडींत झाड तग धरतें. उन्हाळ्यांत त्याची तहान वाढली कीं पानें मलूल होतात. हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिणींचें असेंच आहे. बसल्या जागीं अरुंद वाटेनें येणारें रक्त पुरतें. चाललें, चढलें, रागावलें, थंडींत कुडकुडलें, पोटभर जेवलें कीं तें अपुरें पडतें. आतां झाड पूर्वींपेक्षां लवकर मलूल होऊं लागलें, तर शहाणा बागाईतदार फक्त नळीच तपासतो असें नाहीं. विहिरींत पाणी आहे ना, पाण्यांत कांहीं मिसळलें नाहीं ना, हेंहि तो पाहतो. हीच दृष्टि आमच्याजवळ नव्हती.

माघांत सूनबाईनेंच एक वही आंखली. तारीख, वेळ, काय करतांना थांबल्या, किती मिनिटांनीं बरें वाटलें, गोळी लागली कीं नाहीं, आणि प्रदक्षिणा किती, असे सहा रकाने. बारा दिवसांची ती नोंद घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं आमचें प्रास्ताविक भाषण मध्येंच थांबवून वही मागून घेतली व चार प्रश्न विचारले: पूर्वींपेक्षां थोड्या श्रमानें कळ येते काय? पूर्वींपेक्षां वारंवार येते काय? अधिक वेळ टिकते काय? आणि विश्रांति घेतांना किंवा झोपेंत येते काय? पहिल्या दोहोंचें उत्तर वहींत स्वच्छ होतें. वाचकांनीं हे चार प्रश्न कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवावे, अशी आमची विनंति आहे. कळ किती जोराची आहे ह्यापेक्षां तिची चाल बदलली आहे काय, हें पाहावयाचें असतें.

मग डॉक्टरांनीं मातोश्रींच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली व रक्त तपासावयास सांगितलें. हिमोग्लोबिन आठाच्या खालीं आलेलें! शौचास काळें होतें काय, असें विचारतां मातोश्री गप्प राहिल्या. सूनबाईपाशीं मात्र त्यांनीं तें कबूल केलें. डॉक्टर म्हणाले, “गुडघ्यासाठीं कांहीं घेतां काय?”

ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस द्यावें लागलें. गुडघेदुखीसाठीं वेदनाशामक गोळ्या आम्हींच, कोणास न विचारतां, औषधांच्या दुकानांतून आणून देत होतों. आश्विनापासून रोज दोन. ॲस्पिरिनच्या जोडीस त्या गोळ्या पोटांत जात होत्या. जठरांतून थेंब थेंब रक्त जात होतें. आणि ज्या हृदयास आधींच वाट अरुंद, त्यास आतां पातळ, निःसत्त्व रक्तावर चालावें लागत होतें. अशा गोळ्यांनीं हृदयरोग्यास पोटांतील रक्तस्रावाखेरीज दुसरेंहि भय असतें: शरीरांत पाणी साठतें, रक्तदाब वाढतो व हृदयाचा झटका येण्याचा धोका वाढतो. आईचे गुडघे दुखूं नयेत म्हणून आम्हीं जें प्रेमानें केलें, त्यानेंच तिच्या प्रदक्षिणा कमी केल्या होत्या.

त्या गोळ्या बंद झाल्या. दुर्बीण घालून जठर तपासलें, आम्लता दाबणारें औषध सुरू झालें, एक बाटली रक्त अगदीं सावकाश चढविलें व पुढें लोह दिलें. गुडघ्यास शेक व काठी आली. चैत्रांत प्रदक्षिणा पुन्हां अकरांवर गेल्या. ह्यावरून एक गोष्ट मनांत ठसावी: अँजायना वाढला म्हणजे रोहिणीच अधिक अरुंद झाली असें दर वेळीं नसतें. पंडुरोग, ताप, कंठग्रंथींचा विकार, नाडीची अनियमित धांव, न आवरलेला रक्तदाब, हृदयाची झडप आखडणें, किंवा औषधांत पडलेला खंड, ह्यांपैकीं कोणतेंहि कारण असूं शकतें. आणि त्यांतील कित्येक कारणें दुरुस्त होण्याजोगीं असतात.

औषधांच्या खंडाविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे, कारण आमच्यासारख्या घरांत तो हटकून पडतो. एकादशीस मातोश्री सकाळच्या गोळ्या घेत नसत. आम्हीं त्यांस आठवण करून दिली कीं, ज्यांनीं व्रताचा भंग होत नाहीं अशा आठ गोष्टी शास्त्रकारांनीं गणल्या आहेत, आणि त्यांत पाणी, फळ व दूध ह्यांच्या बरोबरीनें औषधाचेंहि नांव आहे. सून सांगे तें त्यांनीं मानलें नव्हतें, शास्त्राचें मानलें. नाडी सावकाश ठेवणारी गोळी एकाएकीं थांबविली तर दुखणें उसळून येतें, हें डॉक्टरांनीं आम्हांस निक्षून सांगितलें. तसेंच दीर्घकाळ काम करणारी नायट्रेटची गोळी सकाळीं आठाला व दुपारीं तीनाला असे, तिची वेळ ‘सोईसाठीं’ रात्रींवर नेण्याचा विचार आम्हीं केला होता. पण शरीरास त्या औषधाची संवय होऊन गुण जाऊं नये, म्हणून रात्रींचा तो खंड मुद्दाम ठेविलेला असतो. डॉक्टरांच्या चिठ्ठींतील वेळेसहि अर्थ असतो, हें शिक्षकास कोणी शिकवावें!

दिनचर्येंतहि थोडे फेरफार केले. आमच्याकडे मार्गशीर्ष-पौषांतील पहाट बरीच थंड असते. म्हणून अशा दिवसांत पहाटेचें स्नान ऊन पडल्यावर व कोमट पाण्यानें, आणि स्नानानंतर अर्धा तास बसून मग प्रदक्षिणा. एकदांच पोटभर जेवण्याऐवजीं थोडें थोडें चार वेळां. जेवणानंतर तासभर जिना नाहीं. मलावरोध होऊं न देणें. कुंथण्याचे श्रमहि हृदयास बाधतात. लोणचें व पापड पानांतून पुष्कळसे गेले. त्यांचें दुःख मातोश्रींपेक्षां आम्हांसच अधिक झालें.

जिभेखालच्या गोळीविषयीं डॉक्टरांनीं घालून दिलेला नियम असा: गोळी बसूनच घ्यावी, उभ्यानें कधींहि घेऊं नये, कारण तिनें रक्तदाब उतरतो आणि वृद्ध माणूस पडून हाड मोडून घेतें. गोळी ठेवतांच घड्याळ पाहावें. पांच मिनिटांत उतार पडला नाहीं, किंवा घाम, दम, घेरी ह्यांपैकीं कांहीं जोडीस आलें, तर घरगुती उपाय न करतां १०८ क्रमांकावर दूरध्वनि करावा. महाराष्ट्रांत ही रुग्णवाहिकेची सेवा २०१४ पासून चालू आहे. अशा वेळीं ॲस्पिरिन चावून द्यावी कीं नाहीं, हें मात्र प्रत्येकानें आपल्या डॉक्टरांस आधींच विचारून ठेवावें. ज्यास रक्तस्राव होऊन गेला आहे, त्याची गोष्ट निराळी असते.

तो प्रसंग सन २०२५ च्या जून महिन्यांत आला. रात्रीं तीनचा सुमार असेल. मातोश्रींनीं हांक मारली, “बाळ, वही आण. आज निजल्या निजल्या आली आहे.”

ज्यांनीं चार महिने कळ आमच्यापासून लपविली, त्यांनींच ती आज आपण होऊन सांगितली. वहीचा हा गुण आम्हांस अपेक्षित नव्हता. आपण थांबलों तर कोणी रागावत नाहीं, हंसत नाहीं, ओवा देत नाहीं, फक्त लिहून घेतें, हें पाहून त्यांची भीड गेली होती. चौथ्या प्रश्नाचें उत्तर आतां आलें होतें. विश्रांतींत आलेली कळ ही निराळ्याच वर्गांतील गोष्ट असते. रोहिणींतील कठीण थर फुटून त्यावर गुठळी धरूं लागली, असा तिचा अर्थ बहुधा होतो. गोळी ठेविली, पांच मिनिटें मोजलीं, कळ राहिलीच. तेव्हां १०८ ला बोलाविलें. बदनापुरापासून जालना वीसएक किलोमीटर, संभाजीनगर त्याच्या दुप्पट. आधीं जवळच्या रुग्णालयांत हृदयाची नोंद व पहिले उपचार झाले, व तेथून उजाडल्यावर आम्ही संभाजीनगरास पोंचलों. रक्ताच्या तपासणींत हृदयाच्या स्नायूस थोडी इजा झाल्याचें निघालें.

आतां घरांत दोन पक्ष पडले. पुण्याचे आमचे बंधु दूरध्वनीवरून म्हणाले, “लागेल तो खर्च होवो, ताबडतोब शस्त्रक्रिया करा.” बंगळूरचे धाकटे बंधु म्हणाले, “ह्या वयांत तिचे हाल कशाला? शांतपणें घरीं न्या.” दोघांच्याहि म्हणण्यांत प्रेम होतें. आम्ही थोरले, निर्णय आमच्यावर. आम्हीं डॉक्टरांस विचारलें, “शास्त्र काय म्हणतें?”

त्यांनीं समजावून सांगितलें तें असें. जो अँजायना स्थिर आहे, श्रमानें येतो व विश्रांतीनें जातो, त्यांत नळी घालण्यानें आयुष्य वाढतेंच असें नाहीं. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत पांच हजारांवर रोगी होते. त्यांत औषधांवर ठेवलेल्यांचे व लगेच नळी किंवा शस्त्रक्रिया केलेल्यांचे मृत्यू जवळजवळ सारखेच निघाले. ज्यांस वारंवार कळ येई त्यांस मात्र कळेपासून आराम अधिक मिळाला. परंतु विश्रांतींत येणारी व स्नायूस इजा करणारी कळ निराळी. नॉर्वेंत ऐंशी वर्षें व त्यांवरील अशाच साडेचारशेंवर रोग्यांचा प्रयोग २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत तपासणी करून वाट मोकळी केलेल्यांस पुढील झटके कमी आले, मृत्यूंत मात्र निश्चित फरक दिसला नाहीं. मनगटांतून नळी घालतां येते. पण मूत्रपिंडांस ताण पडतो, आणि नंतर रक्त पातळ ठेवणारीं दोन औषधें घ्यावीं लागतात, तीं रक्तस्राव होऊन गेलेल्या माणसास धोक्याचीं. इतकें सांगून ते थांबले व म्हणाले, “आपण सगळे बोललांत. आजींना कोणी विचारलें काय?”

कोणींच विचारलें नव्हतें. ८७ वर्षांच्या, शुद्धीवर असलेल्या, रोज संस्कृत स्तोत्रें बिनचूक म्हणणाऱ्या स्त्रीस तिच्याच छातीविषयीं तिच्या तिघां मुलांपैकीं एकानेंहि विचारलें नव्हतें. डॉक्टर खाटेजवळ बसले व मोठ्यानें म्हणाले, “आजी, तुम्हांला काय हवें आहे?” मातोश्री म्हणाल्या, “मला काशी नको, रामेश्वर नको. तुळशीपर्यंत माझ्या पायांनीं जातां आलें पाहिजे. छाती चिरायची नाहीं. हातांतून कांहीं होत असेल तर करा. नसेल तर घरीं न्या. आणि नाकातोंडांत नळ्या घालून ठेवूं नका.”

मतभेद मिटला. मनगटांतून तपासणी झाली. एक मोठी रोहिणी बरीच बंद झाली होती, तींत एक स्टेंट बसविला. बाकीच्या लहान वाटा अरुंद आहेत, त्या औषधांवर सोंपविल्या. दोन औषधांपैकीं एक शक्य तितक्या लवकर बंद करावयाचें, असें त्यांच्या पोटाकडे पाहून ठरलें. खर्चाविषयीं एक शब्द लिहिणें अवश्य आहे. सत्तर वर्षें व त्यांवरील प्रत्येक नागरिकास, त्याचें उत्पन्न कितीहि असो, आयुष्मान योजनेंत कुटुंबामागें वर्षाला पांच लाखांपर्यंत उपचारांचें संरक्षण २९ ऑक्टोबर २०२४ पासून खुलें झालें. त्यासाठीं ‘वय वंदना’ कार्ड काढावें लागतें, आणि तें योजनेंतील रुग्णालयांतच चालतें. आपण सुस्थितींत आहों, आपल्याला सरकारी कार्ड कशाला, असा अभिमान कित्येक घरांत असतो. कार्ड काढण्यास लागणारा वेळ रात्रीं तीन वाजतां मिळत नसतो. स्टेंटच्या किमतीवरहि सरकारनें २०१७ सालीं मर्यादा घातली. औषधलेपित स्टेंटची त्या वेळीं ठरविलेली किंमत सुमारें तीस हजार होती.

मातोश्री घरीं आल्या. दुखणें गेलें असें आम्ही म्हणणार नाहीं. ह्या वयांत तें जाणार नाहीं. पंधरवड्यांतून एखादी कळ येते, ती वहींत लिहिली जाते, आणि जिभेखालची गोळी पुष्कळदां लागतहि नाहीं. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांचें रुग्णालयांतील बोलणें त्यांच्याच शब्दांत उतरून घेतलें आहे, व तें तिन्ही भावांनीं वाचून खालीं सह्या केल्या आहेत. पुढें कधीं त्यांस बोलतां आलें नाहीं, तर आमचें प्रेम त्यांच्या इच्छेहून मोठें होऊं नये, एवढ्यासाठीं. तें पान लिहितांना आमचा हात थरथरला. मातोश्रींचा मात्र नाहीं. त्यांनीं चष्मा लावून तें वाचलें व एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखविली.

आतां वही त्यांनीं स्वतःकडे घेतली आहे. सकाळीं वृंदावनाजवळच्या स्टुलावर ती उघडी असते. सूनबाईनें आंकडा विचारला, तर त्या आधीं दम नीट घेतात व मग खरें काय तें सांगतात. हा मजकूर छापावयास पाठवितांना आम्हीं आजची नोंद पाहिली. प्रदक्षिणा सात. थांबणें एकदां, सहाव्या वेळीं. गोळी नाहीं. शेऱ्याच्या जागीं त्यांच्या अक्षरांत लिहिलें आहे: “आज थंडी होती.”